कूतच्या वेढ्यातली वही

शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांची रोजनिशी वाचली ती बुटांमुळे. पहिल्या महायुद्धात, २९ एप्रिल १९१६ रोजी, मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमारा या गावात इंग्रजांच्या जनरल टाउनशेंडने तुर्कांपुढे शस्त्रे खाली ठेवली आणि कलकत्त्याचा हा विशीतला तरुण सुमारे तेरा हजार कैद्यांपैकी एक झाला. कैद्याजवळ लिहिलेला कागद सापडणे धोक्याचे. त्याने वहीची पाने सुटी केली आणि बुटांत दडवली. पुढच्या वाटचालीत पायीच तैग्रिस ओलांडताना ती भिजली, अक्षरे पुसट झाली. रास-अल-ऐनच्या छावणीत पोचल्यावर जेवढे लागत होते तेवढे त्याने दुसऱ्या वहीत उतरवून काढले, आणि ती वहीसुद्धा काही दिवस जमिनीत पुरून ठेवली. युद्ध संपले, माणूस घरी परतला, संसाराला लागला. एकोणीसशे पन्नासचे दशक सरत आले तेव्हा सुनेची मदत घेऊन त्याने ‘अभि ले बगदाद’ हे बंगाली पुस्तक छापले. तोवर कूतच्या वेढ्याला चाळीस वर्षे उलटून गेली होती.

मराठी वाचकाने या बंगाली वहीशी नाते सांगावे ते का? तर कूतमध्ये अडकलेल्या फौजेचे नाव होते सहावी (पुणे) डिव्हिजन. तिच्या तीन ब्रिगेडींत मिळून तीन मराठा पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे या भागांतली शेतकऱ्यांची पोरे त्यांत भरलेली, आणि त्यांच्या जोडीला दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या. पगार महिना अकरा रुपये. कूतचा वेढा ही इंग्रजांच्या लष्करी इतिहासातली मोठी नामुष्की म्हणून त्यावर इंग्रजीत पुस्तकांची रास आहे. त्यात टाउनशेंडचे स्वतःचे समर्थन आहे, कैदेतून सुटलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आठवणी आहेत. त्या सगळ्यांत मराठा शिपाई येतो तो पलटणीच्या क्रमांकाने. अमुक खंदक ११० व्या मराठ्यांनी धरला, अमुक बुरुजावर १०३ व्या मराठ्यांनी हल्ला परतवला. त्या खंदकात बसून त्याला काय वाटले, हे लिहून ठेवणारा तिथे कोण होता?

होता, पण मराठा नव्हता. सरकारच्या भरतीच्या शास्त्रात बंगाली माणूस ‘लढवय्या जात’ या सदरात बसत नव्हता, त्यामुळे त्याला पलटणीत घेत नसत. महायुद्ध सुरू झाल्यावर कलकत्त्याच्या शिकलेल्या तरुणांना लढाईवर जायचे होते आणि दार बंद होते. तेव्हा डॉक्टर सुरेशप्रसाद सर्वाधिकारी यांच्या पुढाकाराने बेंगॉल अँब्युलन्स कोअर उभी राहिली. बंदूक नाही तर नाही, स्ट्रेचर तरी उचलू, असा विचार. कायद्याची पदवी घेतलेले शिशिरबाबू तिच्यात साधे स्वयंसेवक म्हणून दाखल झाले. १९१५ च्या पावसाळ्यात हे लोक बसऱ्याला उतरले, अमारा गावी त्यांचे इस्पितळ सुरू झाले आणि त्यातली एक लहान तुकडी टाउनशेंडच्या फौजेबरोबर पुढे, बगदादच्या रोखाने गेली.

गंमत बघा. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशी खेड्यातली धडधाकट पोरे सरकारने निवडून हातात बंदूक दिली. ज्यांना लिहिता येते त्यांना लढायला नालायक ठरवून इस्पितळाच्या दाराने आत घेतले. परिणाम असा की पुणे डिव्हिजनच्या हिंदी बाजूची हकिकत आपल्याला कळते ती एका बंगाली वकिलाकडून. हा नुसता योगायोग नाही. भरतीच्या त्या शास्त्रातच ही वाटणी ठरून गेली होती.

बगदाद घ्यायचे हा मोह मुळात नकाशावर बसून झालेला. मेसोपोटेमियाची मोहीम अबादानच्या तेलाच्या नळांचे आणि बसऱ्याच्या बंदराचे रक्षण करायला निघाली होती. पण एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई जिंकली, मग अमारा पडले, सप्टेंबरअखेर कूत पडले. एकेक विजयाबरोबर फौज नदीने वर सरकत गेली आणि मागे बसऱ्याशी जोडणारी बोटींची साखळी विरळ होत गेली. बोटी कमी, गाढवे-खेचरे कमी, डॉक्टर कमी, औषधे त्याहून कमी. तरीही सिमल्याहून आणि लंडनहून पुढे जायला मंजुरी मिळाली. २२ नोव्हेंबर १९१५ रोजी बगदादपासून पंचवीसेक मैलांवर टेसिफोन येथे, प्राचीन इराणी राजवाड्याच्या प्रचंड कमानीच्या साक्षीने, लढाई झाली. टाउनशेंडच्या फौजेतली सुमारे साडेचार हजार माणसे त्यात मेली किंवा जखमी झाली. तुर्कांचे नुकसान जास्त होते, पण त्यांच्या मागे कुमक होती. इंग्रजांच्या मागे होते चारशे मैल वाळवंट आणि एक वेडीवाकडी नदी.

जखमींना नदीकाठापर्यंत आणायला स्प्रिंग नसलेल्या दोनचाकी मालवाहू गाड्या होत्या. मोडलेल्या मांडीच्या माणसाला खडबडीत जमिनीवरून अशा गाडीत घालून नेणे म्हणजे काय, हे त्या गाड्या भरणाऱ्या शिशिरबाबूंसारख्यांनी पाहिले. जे बोटींवर चढले त्यांचे हाल संपले असे नाही. मेजर कार्टर या डॉक्टरने बसऱ्याला एका बोटीचे येणे पाहिले. लांबून तिच्या कडांवरून दोरखंड लोंबताहेत असे वाटले. जवळ आल्यावर कळले की उठता न येणाऱ्या जखमींची ती विष्ठा वाळून लोंबत होती. कार्टरने हे वर कळवले, तर त्यालाच गप्प बसण्याची तंबी मिळाली. पुढे चौकशी आयोग नेमावा लागला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल लंडनला प्रसिद्ध झाला आणि भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. इकडे मुंबईत तेव्हा प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची इमारत बांधून तयार होती, पण तिच्यात वस्तूंऐवजी लष्कराचे इस्पितळ थाटलेले होते. आज आपण तिथे मुलांना मूर्ती दाखवायला नेतो.

माघार घेत फौज ३ डिसेंबरला कूतला आली. कूत म्हणजे तैग्रिसच्या नालाकृती वळणात बसलेले मातीच्या घरांचे गाव, वस्ती सहा-सात हजार अरबांची. तीन बाजूंना नदी आणि चौथ्या बाजूला खंदक. टाउनशेंडने वीस वर्षांपूर्वी चित्रालचा वेढा झुंजवून नाव कमावले होते; इथेही महिना-दीड महिन्यात सुटका होईल असा त्याचा हिशेब. वेढा १४७ दिवस चालला.

पहिल्या महिन्यात तुर्कांनी गाव घ्यायचा निकराचा प्रयत्न केला. २४ डिसेंबरला, नाताळच्या आदल्या दिवशी, ईशान्येच्या मातीच्या किल्ल्याला तोफांनी भगदाडे पाडून ते आत घुसले. तिथे १०३ वी मराठा पलटण इंग्रज आणि इतर हिंदी पलटणींबरोबर होती. अगदी हातघाईची लढाई होऊन किल्ला राहिला. नदीपलीकडे लोकरीचे गठ्ठे बांधण्याचा एक कारखाना आणि त्याभोवतीची वस्ती होती. ती ११० व्या मराठ्यांनी आणि राजपुताना पलटणीने शेवटपर्यंत धरून ठेवली. मुख्य गावाशी त्यांचा संबंध रात्रीच्या वेळी होडीने यायचा तेवढाच. वेढ्यातल्या वेढ्यात बसलेली ही माणसे. त्यांच्याबद्दल एवढेच नोंदवलेले आहे की त्यांनी ती जागा सोडली नाही.

डिसेंबरनंतर तुर्कांनी हल्ले थांबवले. उपासमार आपले काम करीलच हे त्यांना कळले होते. आणि कूतची खरी कथा इथून पुढची आहे, पोटाची.

आरंभी गोऱ्या आणि हिंदी सैनिकांचा शिधा वेगळा होता. गोऱ्यांना पांढऱ्या मैद्याचा पाव आणि मांस, हिंद्यांना कणीक, डाळ, तूप. काही आठवड्यांत डॉक्टरांना एक विचित्र गोष्ट दिसू लागली. गोरे सैनिक बेरीबेरीने पडत होते, त्यांचे पाय सुजत होते. हिंद्यांना बेरीबेरी होत नव्हती, पण त्यांच्या हिरड्या सुजून रक्त येत होते, जुन्या भरलेल्या जखमा उकलत होत्या. ही स्कर्व्ही. जीवनसत्त्वांचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. कोंड्यासकट दळलेले पीठ आणि डाळ बेरीबेरीपासून वाचवते आणि ताजे मांस स्कर्व्हीपासून, हा धडा कूतने हजारो माणसांच्या शरीरांवर गिरवून दाखवला.

मांस होते ते घोड्याचे. घोडदळाचे आणि तोफखान्याचे घोडे-खेचरे रोज कापली जात होती. हिंदी सैनिकांनी ते खायला नकार दिला, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणात याचे वर्णन धर्मभोळेपणा म्हणून येते. पण शिपाई जे कारण सांगत होते ते परलोकाचे नव्हते, गावाचे होते. आज इथे घोडा खाल्ला हे गावात कळले तर भावकी पंगतीला बसवणार नाही, घरातल्या पोरींची लग्ने होणार नाहीत. हजार कोसांवर मरणाच्या दारात बसलेला माणूस घरच्या मुलीच्या सोयरिकीचा विचार करतो आहे; याला भोळेपणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. हिंदुस्थानातून पंडित-मौलवींची संमती तारेने मागवली गेली. तरीही बहुतेकांनी तोंडात घास घातला तो एप्रिलमध्ये, जेव्हा पिठाचा शिधा दिवसाला चार औंसांवर, म्हणजे पाव शेराहूनही कमीवर आला होता. तोवर स्कर्व्हीने हजारो माणसे अंथरुणाला खिळवली होती.

गावात सातूचा साठा सापडला होता, पण तो दळायचा कशावर? विमानातून जात्याचे दगड टाकले गेले. पुढे एप्रिलच्या मध्यापासून पिठाची पोतीसुद्धा विमानांनी टाकायला सुरुवात केली. वेढ्यातल्या फौजेला हवेतून रसद पुरवण्याचा जगातला हा पहिला प्रयत्न मानतात. त्या काळची विमाने काड्या आणि कापडाची. जे पडायचे त्यातले काही नदीत, काही तुर्कांच्या खंदकात. भाजीसाठी बी टाकण्यात आले, पालेभाजी लावली गेली. माळावरचे गवत उकडून खाणारे काही जण विषबाधेने मेले. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची बोट २७० टन रसद घेऊन अंधारात नदीने वर निघाली आणि तुर्कांनी आडव्या बांधलेल्या तारदोरात अडकली. तिचे दोन्ही मुख्य अधिकारी मारले गेले.

बाहेरून सुटकेचे तीन मोठे प्रयत्न झाले. कूतमधल्या तेरा हजारांना सोडवायला बाहेर वीस हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली. या आकड्याकडे नीट पाहावे. शेवटी तुर्की सेनापती खलील पाशाला लाच देऊन फौज सोडवून घ्यावी, असाही घाट घातला गेला. दहा लाख पौंडांवरून बोली वीस लाखांवर गेली. बोलणी करायला गेलेल्यांत टी. ई. लॉरेन्स होता, तोच पुढे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजला. तुर्की युद्धमंत्री एन्वर पाशाने लाच धुडकावली आणि वर जगभर बभ्रा केला.

शरणागतीनंतर अधिकारी आणि शिपाई वेगळे काढण्यात आले. टाउनशेंड कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिला. त्याचा कुत्रा मात्र तुर्कांनी सन्मानाने इंग्रजांकडे पोचता केला. १९१७ मध्ये, कैदेत असतानाच, टाउनशेंडला ‘सर’ ही पदवी मिळाली. शिपायांना पायी हाकलण्यात आले. पहिल्या मुक्कामात, शुमरानला, त्यांना दगडासारखी वाळलेली सातूची बिस्किटे मिळाली. पाच महिने उपाशी आतड्यांनी ती कोंबली आणि माणसे तिथेच हगवणीने मरू लागली. बगदादपर्यंत पायी, तिथून समारापर्यंत आगगाडी, मग पुन्हा पायी. तिक्रित, शरकात, मोसुल, निसिबिन आणि अखेर रास-अल-ऐन. भर उन्हाळा. पाण्याच्या बाटलीसाठी, भाकरीच्या तुकड्यासाठी बूट आणि कोट विकले जात होते. शिशिरबाबूंनी आपले बूट विकले नाहीत, त्याचे कारण आता वाचकाला माहीत आहे.

कैदेत मेलेल्यांचा हिशेब विषम आहे. गोऱ्या शिपायांपैकी दोनतृतीयांशाहून अधिक परत आले नाहीत. हिंदी शिपायांतले मृत्यू प्रमाणाने कमी, पण संख्येने हजारांत, आणि कित्येकांचा पत्ताच लागला नाही. बेपत्ता म्हणजे कागदावर ना जिवंत ना मेलेला. घरी बाईने कुंकू पुसायचे की नाही, हे ज्याच्यावर अवलंबून आहे ती नोंद कोरी.

रास-अल-ऐन हे बर्लिन-बगदाद रेल्वेचे तेव्हाचे शेवटचे स्टेशन. जर्मन अभियंत्यांच्या हाताखाली हिंदी कैदी रूळ टाकायला जुंपले गेले. ज्यांना इस्पितळाचे काम येत होते ते इस्पितळांत लागले, शिशिरबाबू त्यांतले. आणि इथे त्यांची वही अशा गोष्टीची साक्षीदार झाली जिच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. अनातोलियातून हाकललेल्या आर्मेनियन लोकांच्या छावण्या रास-अल-ऐनला होत्या आणि १९१६ मध्ये त्यांची तिथे कत्तल झाली. कूतचे कैदी पोचले तेव्हा उरले होते ते अवशेष, आणि जीव वाचलेली बाया-पोरे. त्या बायकामुलांची हकिकत एका बंगाली स्वयंसेवकाच्या रोजनिशीत येते. आर्मेनियन कत्तलीवर हिंदी माणसाने त्या काळी लिहून ठेवलेले असे फार थोडे आहे.

तरी या वहीत तुर्कांविषयी सरसकट द्वेष नाही. पुढे अलेप्पोच्या इस्पितळात तुर्क शिपाई आणि हा हिंदी अर्दली रात्रपाळीला एकमेकांशेजारी बसत, घरच्या गोष्टी बोलत. तुम्ही हिंदुस्थानात, आम्ही इथे, आपली ओळखसुद्धा नव्हती. मग चारदोन माणसांनी ठरवले म्हणून आपण एका रात्रीत वैरी कसे झालो, असा सूर त्या बोलण्यात असे, असे ते सांगतात. आपल्या बाजूच्या गोऱ्या सोबत्यांनी केलेला रंगभेद मात्र त्यांना खुपत राहिला. कैदेतही पगार, कपडा, मदत यांत गोरा वर आणि काळा खाली. मला स्वतःला या पुस्तकाचे मोल इथे सर्वांत जास्त वाटते. शत्रू कोण आणि आपला कोण, याचा सरकारने दिलेला हिशेब कैदेत दोन वर्षांहून अधिक काळ काढलेल्या माणसाने स्वतः तपासून पाहिलेला आहे.

असेच दुसरे एक लिखाण आहे, तेही घरातल्या माणसानेच वाचवलेले. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर, इंग्लंडात शिकलेले, याच फौजेबरोबर कूतमध्ये होते. १९१५ मध्ये ते आईला पत्रे लिहीत. आरंभीच्या पत्रांत उत्साह आहे. कूतच्या पहिल्या लढाईनंतर सूर पालटतो. दुसऱ्याचा देश हिसकावणे याला देशभक्ती म्हणतात आणि हा धडा इंग्लंडनेच जगाला शिकवला, असे सरकारी नोकरीतला हा डॉक्टर आईला लिहितो. वेढा पडला आणि टपाल बंद झाले. मार्च १९१७ मध्ये रास-अल-ऐनला तापाने ते गेले. वय चौतिशीचे.

त्यांची पत्रे जुळवून, लढाईची माहिती गोळा करून त्यांचे चरित्र लिहिले ते त्यांच्या आजीने. मोक्षदा देवी यांचे नाव बंगाली साहित्यात कवयित्री म्हणून ठाऊक आहे. १८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल पाठशाळेत भरलेल्या काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी त्यांचे भाऊ. ‘कल्याण-प्रदीप’ १९२८ मध्ये निघाले तेव्हा आजीबाई ऐंशीच्या घरात होत्या. नातवाने पाहिलेली नदी, गावे, तोफा यांतले काहीच त्यांनी पाहिले नव्हते. तरी मोहिमेच्या तारखा, पलटणींच्या हालचाली त्यांनी नेटाने लावल्या आणि मधेमधे नातवाची पत्रे जशीच्या तशी ठेवली. लष्करी इतिहास लिहिणारी ऐंशी वर्षांची दुसरी आजी मला तरी माहीत नाही.

युद्ध संपले कधी? पाठ्यपुस्तकात ११ नोव्हेंबर १९१८. कूतच्या खंदकांत ते २९ एप्रिल १९१६ ला संपले, पण तुरुंगवासाने चालू राहिले. फेब्रुवारी १९१७ मध्ये जनरल मॉडच्या फौजेने कूत परत घेतले, ११ मार्चला बगदाद घेतले. पण रास-अल-ऐनच्या कैद्यांच्या हातातली कुदळ काही सुटली नाही. तुर्कस्तानशी तहकुबी झाली ३० ऑक्टोबर १९१८ ला, लेम्नॉस बेटाच्या मुद्रोस बंदरात ‘अ‍ॅगामेम्नॉन’ या युद्धनौकेवर. बोलणी सुरू व्हावीत म्हणून तुर्कांनी मध्यस्थ म्हणून सोडले ते टाउनशेंडलाच. तहकुबीच्या चार दिवस आधी अलेप्पोच्या उत्तरेला हरितानजवळ जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळाने शेवटची चढाई केली.

तैग्रिसवर शेवट आणखी चटका लावणारा आहे. तहकुबीवर सह्या होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत शरकात येथे लढाई चालू होती आणि तिच्यात ११४ वी मराठा पलटण होती. त्या एका झुंजीसाठी तिला २८ शौर्यपदके मिळाली. शरकातचे नाव वर एकदा आलेले आहे. १९१६ च्या उन्हाळ्यात कूतचे कैदी, त्यांत १०३, ११०, ११७ चे मराठे, याच वाटेने हाकलत नेले होते. त्यांतले जे वाटेत पडले ते याच पट्ट्यात कुठेतरी पुरलेले किंवा न पुरलेले. अडीच वर्षांनी त्यांचेच भाऊबंद, कोण जाणे कोणाचा सख्खा भाऊसुद्धा, त्या टेकाडांवर लढत होते आणि काही तासांत तहकुबी होणार हे त्यांना ठाऊक नव्हते. ही गोष्ट एखाद्या मराठा शिपायाने लिहिली असती तर ती कशी लिहिली असती, याची मला उत्सुकता आहे.

सुटलेले कैदी लगेच घरी आले नाहीत. बोटी नव्हत्या, छावण्यांत वाट पाहणे आले, आणि १९१८ च्या त्या हिवाळ्यात इन्फ्लुएंझा गावेच्या गावे रिकामी करत होता. कैदेतून जिवंत सुटून आलेला माणूस दारात उभा आणि घरात साथीने गेलेल्यांचे दिवस चाललेले, अशी घरे कोकणात आणि देशावर होती. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत संगमरवरी पाटी आहे, या गावातून किती माणसे महायुद्धाला गेली आणि किती कामी आली. तिच्यावर सालही १९१४ ते १९१९ असे कोरलेले असते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे या एका गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. गाव आज अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखले जाते. ११७ व्या पलटणीला १९२१ मध्ये ‘रॉयल’ हा किताब मिळाला. पाट्यांवर आकडे आहेत, किताब पलटणीला आहे. नावे कुठे आहेत?

मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर नसलेल्या सैनिकांसाठी बसऱ्याला स्मारक बांधले गेले. चाळीस हजारांवर माणसांचे ते स्मारक. त्यावर गोऱ्यांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. साध्या हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीखाली ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ एवढेच. तो दगड कोरताना जागा कमी पडली म्हणावे, तर गोऱ्या शिपायासाठी जागा पुरली होती. शंभर वर्षांनी, २०२१ मध्ये, युद्धकबरींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने अहवाल काढून हा भेदभाव झाला असे कबूल केले. ते स्मारकसुद्धा १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर उजाड माळावर नेऊन उभे केलेले आहे.

तेव्हा दगडावर नाव शोधायला जाऊ नका. ते दोन ठिकाणी मिळण्याचा संभव आहे. पहिले त्याच आयोगाची ऑनलाइन नोंदवही. तिच्यात पलटणीच्या क्रमांकाने शोधले तर शिपायाचे नाव, पुष्कळदा बापाचे नाव, गाव आणि तालुकासुद्धा निघतो, इंग्रजी कारकुनाने मोडून लिहिलेला, पण ओळखू येण्याजोगा. दुसरे ठिकाण तुमच्या घरातली ट्रंक. आजोबा-पणजोबांचा चांदीचा ‘बिल्ला’, एका बाजूला राजा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार असलेला, सोनाराकडे आटला नसेल तर बाहेर काढा. चित्राकडे पाहू नका, त्याची कड पाहा. तिथे नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण बारीक इंग्रजी अक्षरांत ठोकलेले असते. खेचरवाले, पाणके, डोलीवाले यांना हेच पदक चांदीऐवजी ब्राँझचे मिळाले, म्हणून ब्राँझचे असले तर टाकाऊ समजू नका. एखादे कार्ड, एखादे पत्र, पेन्शनचा कागद सापडला तर वाळवीच्या आधी त्याची छायाप्रत काढा आणि एक प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेला दाखवा. घरात अजून कोणी ऐंशीच्या पुढचे असेल, तर त्यांनी आपल्या आजोबांकडून बसरा, बगदाद, कूत अशी नावे ऐकली होती का, एवढे या रविवारी विचारा आणि काय सांगतात ते लिहून घ्या.